बिल गाडग्यांचं की पाण्याचं?

गेल्या अंकात मी आवाहन केलं होतं, की विजेच्या परिपथाबद्दल जे काही अडलं असेल ते लिहून पाठवा, परीक्षेला येणारं असो वा नसो. पत्रांचा गठ्ठा वाचला तेव्हा लक्षात आलं, की बहुतेकांची अडण्याची जागा एकच आहे. एक बल्ब, एक वायर किंवा एक बॅटरी धरायची आणि तिच्याकडेच बघत बसायचं. माझे वडील, अण्णा, मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. शिक्षण सातवी. बिघडलेली वस्तू टेबलावर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "परत यायची वाट कुठंय?" मी एम.एस्सी. केलं, 31 वर्षं कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काढली, पण याच्याहून चांगला पहिला प्रश्न मला अजून सुचलेला नाही.

शब्दांचं आधीच सांगते. दहावीपर्यंत आपण धारा, रोध, विभवांतर म्हणतो आणि अकरावीची जून उजाडली की रातोरात करंट, रेझिस्टन्स, पोटेन्शियल डिफरन्स (घरात ज्याला व्होल्टेज म्हणतो ते) म्हणायला लागतो. मी दोन्ही वापरणार आहे, तोंडाला येईल तसे.

"नात दहावीत आहे. ती म्हणते, बल्बमध्ये जेवढा करंट जातो तेवढाच बाहेर पडतो, काही खर्च होत नाही. मग दर महिन्याला बिल कशाचं येतं? तिला विचारलं तर म्हणाली, आजी, परीक्षेला एवढं विचारत नाहीत."
— एक आजी, चिपळूण

आजी, नातीचं उत्तर बरोबर आहे आणि तुमचा प्रश्न त्या उत्तरापेक्षा सरस आहे.

तुम्ही कोकणातल्या, म्हणजे आगरातला रहाट तुम्ही नक्की पाहिला असणार. माळेला बांधलेली गाडगी विहिरीत बुडतात, भरून वर येतात, पन्हळीत उपडी होतात आणि रिकामी खाली जातात. मिनिटाला जितकी गाडगी वर येतात तितकीच खाली जातात. एकही गाडगं पन्हळीत राहत नाही. तरी पोफळीला पाणी मिळतंच ना? वायरमधला विद्युतप्रभार म्हणजे ही गाडगी आणि ऊर्जा म्हणजे पाणी. मिनिटाला किती गाडगी गेली ती धारा. एका गाडग्यात किती पाणी ते व्होल्टेज. 230 व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागे 230 ज्यूल ऊर्जा. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट.

आता तुमची 1000 वॅटची इस्त्री तासभर चालली असं धरा. तिच्यातून सुमारे 4.35 अँपिअर धारा वाहते. तासाभरात साधारण 15,650 कूलोम प्रभार इस्त्रीत गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. कपड्यांना मिळाली ती 36 लाख ज्यूल उष्णता. त्यालाच आपण एक युनिट म्हणतो, आणि बिल त्याचं येतं. गाडगी फुकट, पाण्याचे पैसे.

नातीला हेही सांगा, की गाडगी मोजणारं एक यंत्र बहुधा तुमच्याच घरात आहे. मेन बोर्डात एमसीबीशेजारी आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारी कळ) असेल तर तिच्या आत एका चुंबकीय कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी जातात. जाणारी आणि परतणारी धारा सारखी असेल तोवर दोघींचा चुंबकीय परिणाम एकमेकींना खोडून काढतो आणि कडं गप्प बसतं. पावसाळ्यात भिंत ओलावली, गिझरचं कॉइल गळायला लागलं किंवा कुणाचा हात लागला, की थोडी धारा जमिनीच्या वाटेने पळते. मग परतणारी कमी भरते. हा फरक घरगुती आरसीसीबीत 30 मिलिअँपिअरपर्यंत गेला की ती खटकन पडते. करंट बल्बात "खर्च" होत असता, तर ही आरसीसीबी पहिला दिवा लावताच पडली असती.

"घरात 40 आणि 100 वॅटचे जुने पिवळे बल्ब होते. काकांनी (ते वायरमन आहेत) ते एकसर जोडून दाखवले. 40 चा मस्त लागला आणि 100 चा जवळजवळ विझलेलाच. उलट व्हायला हवं ना? मित्र म्हणतो, 40 चा आधी लावलाय म्हणून त्याने करंट खाऊन टाकला."
— नववीतला विद्यार्थी, वाई

काका शेजारी होते हे फार बरं झालं. घरच्या विजेचे प्रयोग एकट्याने करायचे नाहीत, हे एकदाच सांगते आणि पुढं जाते.

मित्राचं म्हणणं तपासणं सोपं आहे. बल्बांची अदलाबदल करायला काकांना सांग. 100 चा आधी लावला तरी 40 चाच जास्त लागेल. रहाटाच्या माळेत पहिलं गाडगं आणि शेवटचं गाडगं असं काही नसतं. एकसर जोडणीत दोन्ही बल्बांतून एकच धारा जाते, कुणाच्याही वाट्याला आधी येत नाही.

आता बल्बवर छापलेले "100 वॅट" म्हणजे काय ते बघ. तो बल्बचा स्वभाव नाही, ते अट घालून दिलेलं वचन आहे: मला पूर्ण 230 व्होल्ट द्या, मी 100 वॅट देतो. त्या अटीतून रोध काढ. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. 100 वॅटच्या बल्बचा 529 ओहम येतो, 40 वॅटच्या बल्बचा 1322.5 ओहम. कमी वॅटच्या बल्बचा रोध जास्त! इथंच सगळे ठेचकाळतात. एकसर जोडल्यावर एकूण रोध 1851.5 ओहम, धारा 0.124 अँपिअर. धारेचा वर्ग गुणिले रोध केलंस की 40 वाल्याला सुमारे 20 वॅट मिळतात आणि 100 वाल्याला जेमतेम 8.

उत्तरपत्रिकेत इथवर लिहिलंस तर पूर्ण गुण. पण तू डोळ्यांनी पाहिलं आहेस, म्हणून पुढचंही सांगते. तू "जवळजवळ विझलेलाच" लिहिलंस, आणि खरोखर तो 8 वॅटहूनही कमी घेत होता. बल्ब होल्डरमधून काढ, पूर्ण थंड होऊ दे आणि काकांच्या मल्टिमीटरने रोध मोज. 529 येणार नाही. 40 ओहमच्या आसपास काहीतरी येईल. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसला पांढरीफटक तापते तेव्हा तिचा रोध 529 होतो. थंड असताना त्याच्या दहा-पंधरा पटींनी कमी असतो. तुझ्या जोडणीत 100 चा बल्ब तापलाच नाही, म्हणून त्याचा रोध खाली राहिला, म्हणून विभवांतरातला त्याचा वाटा आणखी घटला, म्हणून तो आणखी थंड पडला. जे त्याने सोडलं ते 40 वाल्याकडे गेलं. एकाची तब्येत बिघडली की दुसऱ्याच्या ताटातलं बदलतं, परिपथात असंच चालतं.

जुने बल्ब बटन दाबतानाच "फट्" होऊन का जायचे तेही यात आलं. थंड तारेतून त्या पहिल्या क्षणी 230 भागिले 40, म्हणजे पाच-सहा अँपिअर धारा जाऊ शकते. एरवी अर्धा अँपिअरसुद्धा नसते.

मग ओहमचा नियम (धारा विभवांतराच्या प्रमाणात असते) खोटा का, असं पुढच्या पत्रात विचारशील. पुस्तकातलं वाक्य पूर्ण वाच. "वाहकाचं तापमान व भौतिक अवस्था कायम असताना" हा तुकडा पाठ करताना सगळे गिळतात आणि नेमका तोच कामाचा असतो.

अण्णांच्या दुकानात भिंतीला एक लाकडी फळी होती, तिच्यावर 100 वॅटचा बल्ब आणि शेजारी प्लग. तिला सिरीज बोर्ड म्हणत. दुरुस्तीला आलेली इस्त्री थेट लायनीत लावायची नाही, आधी या बोर्डात. बल्ब अजिबात लागला नाही तर इस्त्रीचं कॉइल तुटलंय. लागला तर वाट पूर्ण आहे. आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण लागायचा, पण फ्यूज उडायचा नाही, कारण बल्बचे 529 ओहम मध्ये उभे असायचे. एकसर जोडणी मला पाठ्यपुस्तकाच्या चार वर्षं आधी त्या फळीने शिकवली.

"पुस्तकात लिहिलंय, तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. मग बटन दाबताच दिवा कसा लागतो?"
— बारावी, लातूर

लिहिलंय ते खरं आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल तर अपवाह वेग सेकंदाला 0.07 मिलिमीटर येतो. एक मीटर जायला पावणेचार तास. गोगलगाय कितीतरी पुढं निघून जाईल.

पण बैलाने पाऊल उचललं की रहाटाची माळ एका वेळी सगळी हलते. विहिरीतलं गाडगं वर पोचेपर्यंत वरचं गाडगं थांबून राहत नाही. तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून ठासून भरलेले आहेत. बटन दाबल्यावर धावतो तो हलण्याचा निरोप, आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो.

घरातली वीज तर सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होणारी. तिथं इलेक्ट्रॉन पावणेचार तासांचा प्रवाससुद्धा करत नाहीत. जागच्या जागी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी अंतर झुलतात. तुमच्या बटनामागचा इलेक्ट्रॉन बल्बपर्यंत कधीच पोचत नाही. मग काम कसं होतं? करवत कुठं जाते? मागेपुढेच होते, लाकूड कापलं जातं.

रहाटाची उपमा मात्र इथं खाली ठेवून द्यायची. गाडग्यात पाणी खरोखर असतं, इलेक्ट्रॉनच्या पाठीवर ऊर्जेची गोणी नसते. ती तारेभोवतीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून जाते. हे पदवीच्या वर्गात येईल, घाई नाही.

"विहीर घरापासून 300 मीटरवर आहे. घरच्या मीटरवरून 2.5 स्क्वेअरची तांब्याची वायर टाकून एक एचपीची सिंगल फेज मोटर बसवली. संध्याकाळी मोटर नुसती हुं हुं करते, फिरत नाही. घरात व्होल्टेज 220 दाखवतं. वडील म्हणतात मोटर बदलायची."
— अकरावी, पंढरपूर तालुका

वडिलांना म्हणावं, चार दिवस थांबा. आधी मोटरचा कंडेन्सर (तिला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर) तपासून घ्या. तो गेला की मोटर अशीच हुंकारते आणि तो मोटरपेक्षा फार स्वस्त असतो. कंडेन्सर ठीक असेल तर आपण वायरीकडे बघू.

अण्णांचा प्रश्न विचार: परत यायची वाट कुठंय? विहीर 300 मीटरवर, पण धारेला जाऊन यायचं आहे, म्हणून वायर मोजायची 600 मीटर. हे निम्मे लोक विसरतात. तांब्याची रोधकता 1.7 गुणिले दहाचा उणे आठवा घात ओहम-मीटर, गुणिले 600 मीटर, भागिले अडीच चौरस मिलिमीटर. उत्तर चार ओहमच्या किंचित वर. एरवी शून्य धरायची ती वायर आता परिपथातला चार ओहमचा रोध होऊन बसली आहे.

मोटर चालू असताना सात अँपिअर घेते असं धर. वायरीतच 28-29 व्होल्ट पडले. घरी 220 असतील तर विहिरीवर 190 च्या आसपास. चालत्या मोटरला ते कसंबसं पुरतं. पण सुरू होताना मोटर याच्या चार-पाच पट धारा मागते आणि तेव्हा वायरीत शंभराच्या वर व्होल्ट पडतात. मोटरच्या वाट्याला अर्धेच उरतात, तेवढ्यात तिचा रोटर हलत नाही. हिशेब ढोबळ आहे, कारण व्होल्टेज पडलं की धाराही घटते, पण रोग हाच. संध्याकाळीच का? तेव्हा गावात सगळ्यांचं सगळं चालू असतं. डीपीपासून तुमच्या घरापर्यंतच्या लायनीतही हेच घडतं, म्हणून मुळातच व्होल्टेज कमी येतं.

खात्री करायची असेल तर वायरमनला विहिरीवर, मोटर सुरू होत असताना व्होल्टेज मोजायला सांगा. घरातल्या आकड्याचा इथं उपयोग नाही. सहा स्क्वेअरची वायर टाकली तर रोध 1.7 ओहमवर येतो आणि चालू मोटरमागे 12 व्होल्टच पडतात. खर्च होईल. पण आताच्या वायरीत, मोटर चालत असताना, धारेचा वर्ग गुणिले रोध म्हणजे 200 वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. पाच तास मोटर चालली की एक युनिट बांधावरच्या हवेला दिलं.

"मोटरसायकलची बॅटरी उतरली होती. मी दीड व्होल्टचे आठ नवे पेन्सिल सेल एकसर जोडले. मल्टिमीटरवर 12 च्या वर आलं. सेल्फ मारला तर टक् सुद्धा नाही. 12 व्होल्ट म्हणजे 12 व्होल्ट ना?"
— डिप्लोमा, पहिलं वर्ष, कोल्हापूर

हा या महिन्याचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कोल्हापूरकर, तू जोडलंस ते बरोबर जोडलंस. फक्त परिपथाचा अर्धा भाग सेलच्या आत आहे, तो तुला दिसला नाही.

धारा सेलमधूनही जाते, तिथंही तिला रोध होतो. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध साधारण पाव ओहम धर. आठांचे दोन ओहम. मल्टिमीटर जवळपास धाराच मागत नाही, म्हणून या दोन ओहममध्ये काही पडत नाही आणि तुला पूर्ण 12 दिसतात. आता सेल्फची मोटर लाव. तिचा रोध 0.2 ओहम मानू. धारा किती? 12 भागिले 2.2, म्हणजे साडेपाच अँपिअर. सेलच्या टोकांवर उरले 1.1 व्होल्ट! बाकीचे जवळजवळ अकरा व्होल्ट सेलच्या पोटातच गेले. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या दोन-तीन शतांशांइतका असतो. तिथं हाच हिशेब 55 अँपिअर आणि 11 व्होल्ट देतो, इंजिन फिरतं. पुढच्या वेळी मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवर ठेवूनच सेल्फ मार आणि आकडा कुठवर खाली जातो ते बघ. मेकॅनिक लोड देऊन बॅटरी तपासतो म्हणजे हेच बघतो.

गंमत म्हणजे ओहमने 1826 मध्ये मांडलेल्या सूत्रात हे सगळं होतं. गेओर्ग ओहम तेव्हा कोलोनच्या एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होता. त्याने आधी व्होल्टाचे विद्युतघट वापरून पाहिले, पण त्यांची धारा स्थिर राहीना. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून धाराही हलत नाही. त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून मोजमापं घेतली आणि सूत्र लिहिलं: धारा बरोबर a भागिले (b अधिक x). a म्हणजे स्रोताचा जोर, x म्हणजे जोडलेली तार, b म्हणजे परिपथाचा उरलेला सगळा भाग, स्रोतासकट. आपण शाळेत शिकवताना ते b गाळून टाकलं. मग पोरं पेन्सिल सेलवर मोटरसायकल सुरू करायला जातात, त्यात त्यांचा काय दोष?

माझंही एक सांगते. एफ.वाय.ला असताना मी ॲमीटर (धारा मोजायचा मीटर) थेट ॲक्युम्युलेटरच्या, म्हणजे पुन्हा भारता येणाऱ्या बॅटरीच्या, दोन टोकांना जोडला होता, व्होल्टमीटर समजून. ॲमीटरचा रोध जवळपास शून्य, परतीची वाट मोकळी, ॲक्युम्युलेटरचा अंतर्गत रोधही नगण्य. काटा टोकाच्या खिळ्यावर आपटून वाकला. सरांनी दंड केला नाही. फक्त वर्षभर तोच मीटर माझ्या टेबलावर ठेवायचे.

"मीटर ब्रिजच्या प्रयोगात कॉइल डाव्या गॅपमध्ये, 6 ओहम उजवीकडे ठेवले तर नल पॉइंट 42.0 सेंटिमीटरवर आला, उत्तर 4.34 ओहम. अदलाबदल केल्यावर नल पॉइंट 57.6 वर आला, उत्तर 4.42. कॉइल तर तीच आहे. माझं काय चुकलं? मैत्रीण म्हणते, दुसरं रीडिंग 58.0 लिहून टाक."
— बारावी, कराड

इतरांसाठी एवढंच: मीटर ब्रिज म्हणजे मीटरभर लांब तारेच्या मदतीने अनोळखी रोध मोजायचं साधन, आणि गॅल्व्हानोमीटरचा (बारीक धारा दाखवणाऱ्या मीटरचा) काटा तारेच्या ज्या जागी शून्यावर येतो ती जागा नल पॉइंट. तुझं काही चुकलं नाही. मैत्रिणीचं चुकलं. 31 वर्षांत मी किती जर्नलांमध्ये हे "58.0" पाहिलं असेल! बेरीज बरोबर 100 आली की मी समजायचे, दुसरं रीडिंग घेतलेलंच नाही.

हा ब्रिज म्हणजे तराजू आहे. ताणकाट्यावर स्प्रिंग किती ताणली ते वाचावं लागतं, स्प्रिंग जुनी झाली की वजन चुकतं. तराजूत फक्त दांडी सरळ झाली का एवढंच बघायचं असतं. गॅल्व्हानोमीटर इथं ती दांडी. नल पॉइंटला त्याच्यातून धारा जातच नाही, म्हणून त्याचा स्वतःचा रोध किती, त्याचे भाग नीट आखलेत का, सेल नवा की जुना, यातल्या कशाचाही उत्तराशी संबंध उरत नाही. सेल उतरलेला असला तरी नल पॉइंट जागचा हलत नाही, फक्त काटा आळसावतो. या युक्तीला व्हीटस्टनचं नाव पडलं. पण सॅम्युएल हंटर क्रिस्टीने ती 1833 मध्येच मांडली होती. व्हीटस्टनने 1843 मध्ये ती लोकांपुढं आणली आणि क्रिस्टीचं श्रेय सांगितलं. नाव मात्र चिकटायचं तिथं चिकटलं.

मग दोन उत्तरं का? आपण धरतो की तारेची लांबी बरोबर 100 सेंटिमीटर आहे आणि तांब्याच्या पट्ट्यांना, डागाच्या जोडाला काहीच रोध नाही. थोडा असतोच. समज, डाव्या टोकाच्या जोडाचा रोध तुझ्या तारेच्या चार मिलिमीटरइतका आहे. म्हणजे पट्टीवर न दिसणारे 0.4 सेंटिमीटर डावीकडे लपलेत. पहिल्या वेळी गुणोत्तर 42.0 भागिले 58.0 नव्हतं, ते होतं 42.4 भागिले 58.0. दुसऱ्या वेळी डावी बाजू 57.6 नव्हती, 58.0 होती, आणि उजवीकडे 42.4. दोन्हींत तेच गुणोत्तर! उत्तर 4.39 ओहम. तुझ्या दोन उत्तरांची सरासरी 4.38. अदलाबदल करायला सांगतात ती यासाठीच. एकदा ही चूक कॉइलच्या बाजूला पडते, एकदा रेझिस्टन्स बॉक्सच्या (तुझे 6 ओहम ज्यात आहेत त्या पेटीच्या), आणि सरासरीत बरीचशी जाते.

तू ते 58.0 लिहिलं असतंस तर हे चार मिलिमीटर तुला कधीच सापडले नसते.

परीक्षेच्या दृष्टीने थोडं. नल पॉइंट 30 आणि 70 च्या मध्ये आणावा, टोकाजवळ आला तर हे लपलेले मिलिमीटर उत्तराचा मोठा भाग होऊन बसतात. जॉकी (तारेला टेकवायचं धातूचं टोक) तारेवर टेकवायची, घासत न्यायची नाही. घासली की तार तिथं बारीक होते आणि "लांबीच्या प्रमाणात रोध" हे गृहीतकच कोसळतं. रेझिस्टन्स बॉक्सचे प्लग पिळून घट्ट बसवायचे. सैल प्लगचा रोध बॉक्सवर छापलेला नसतो. आणि रीडिंग लिहिताना परिपथाची "की", म्हणजे किल्ली, काढून ठेवायची, तार तापू द्यायची नाही. तापली की काय होतं ते वाईचा नववीतला मुलगा तुला सांगेल.

काही छोटी पत्रं.

विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का बसत नाही? दोन्ही पाय एकाच तारेवर, त्यांच्यातलं विभवांतर जवळपास शून्य, परतीची वाट नाही. वटवाघळाचे पसरलेले पंख दोन तारांना एकदम टेकतात तेव्हा वाट तयार होते, म्हणून तारांना लटकलेली दिसतात ती वटवाघळं.

झिरोचा बल्ब फुकट लागतो का? नाही. जुना झिरोचा बल्ब दहा ते पंधरा वॅट घेतो. पंधराचा असेल आणि रोज रात्री आठ तास लागला तर महिन्याला 3.6 युनिट.

किरचॉफचे नियम पाठ होत नाहीत, काय करू? पाठ करू नकोस. एका जोडावर जेवढी धारा आली तेवढी गेली. एक फेरी मारून जागेवर आलास तर जेवढा चढलास तेवढा उतरलास. गड चढून आल्यावर पायथ्याची उंची बदललेली असते का? हे नियम 1845 मध्ये मांडले तेव्हा किरचॉफ 21 वर्षांचा विद्यार्थी होता, हे वाचून धीर येतो की जातो ते ज्याचं त्याने बघावं.

"तुम्ही सारखं परतीची वाट म्हणता. मग टेस्टर फेजला लावला, तर तो एकाच ठिकाणी टेकलेला असतो. तरी दिवा लागतो. वाट कुठंय?"
— बी.एस्सी., पहिलं वर्ष, बेळगाव

मला पकडायला विचारलाय हे कळलं. वाट तुझ्यातून आहे.

टेस्टरच्या मागच्या टोपीवर बोट ठेवल्याशिवाय दिवा लागत नाही, हे आठव. फेज, टेस्टरमधला रोध, निऑनचा छोटा दिवा, तुझं बोट, तुझं शरीर, जमीन, आणि जमिनीतून डीपीच्या अर्थिंगपर्यंत. पूर्ण वळसा. तो रोध साधारण दहा लाख ओहमचा असतो, म्हणून धारा पाव मिलिअँपिअरच्या आत राहते, तुला जाणवत नाही, आणि निऑनला तेवढी पुरते. रबरी चप्पल घातली तरी थोडा मंद का होईना, लागतो. कारण वीज मागेपुढे होणारी आहे आणि तू व जमीन मिळून एक छोटा कपॅसिटर (प्रभार साठवणारी जोडी) तयार होतो. मागेपुढे होणारी धारा त्यातून जाऊ शकते.

एवढ्यासाठीच टेस्टरवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आतला दिवा गेला असेल, रोध तुटला असेल, तर फेजला लावूनही तो अंधारच दाखवतो, आणि तो अंधार "लाइट नाही"च्या अंधारासारखाच दिसतो. अण्णा टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगात घालून बघायचे, मग दुरुस्तीच्या जागी, आणि मग पुन्हा त्या चालू प्लगात. तिन्ही झाल्यावरच पक्कड हातात घ्यायचे.